लंगडा आर

रविवारी रात्री नऊ वाजता
कॉमन रूममधल्या खुर्च्या टीव्हीकडे वळतात.
मोरवेना माझ्या गुडघ्यांवर शाल टाकते,
म्हणते, "ड्युल्सी, तुमच्या बाईंची मालिका!"

माझ्या बाई. बेरिल पेंगेली.
एकतीस पुस्तकं, चव्वेचाळीस प्रेतं,
सगळी याच बोटांखालून गेलेली.

कड्यावर धुकं, निळा कोट, पाठमोरी बाई.
नटी उंच आहे.
बाई बुटक्या होत्या, खुर्चीत उशी घालून बसायच्या,
आणि खुनाच्या आदल्या प्रकरणात
त्यांना हमखास भूक लागायची.
कोट माझा होता. असो.

दुसऱ्या भागात हेक्टरसाहेब चहा पितात
आणि गालिच्यावर कोसळतात.
अहो, ते विष सातव्या पुस्तकातलं!
ते पान मी दोनदा टाइप केलंय,
पहिल्या खेपेला मात्रा चुकली होती म्हणून.
खरे हेक्टरसाहेब दातांचे डॉक्टर,
वाटाण्याच्या वेलांना काठ्या लावताना गेले,
मंगळवारी, सकाळी, अगदी बिनरहस्याचे.
नंतर तीन वर्षं
बाईंनी कुणालाच मारलं नाही.

मालिका लिहिणारा मुलगा इथे आला होता, गेल्या वसंतात.
कोवळी दाढी. बिस्किटं सगळी संपवली.
"काहीतरी गुपित असेलच ना त्यांचं?"
रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून सांगितलं :
आमच्या यंत्रातल्या 'आर' अक्षराचा पाय मोडका होता.
शेवटची नऊ पुस्तकं
लंगडत लंगडत लंडनला गेली.
त्याने वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या.

आज चौथा भाग.
इन्स्पेक्टर दिव्याखाली एक चिठ्ठी धरतो,
भिंग पुढे सरकतं,
आणि पडदाभर माझा आर,
एका पायावर उभा.
मालिकेत टाइपिस्ट नाहीच.
त्या घरात यंत्रावर बसणारी एकच बाई.
सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात.
मिस्टर ट्रेगिअर कानातलं यंत्र चाचपत ओरडतात,
"म्हणजे नवऱ्याला तिनेच?"

माझ्या तोंडात बिस्किट विरघळतंय.
मी खबऱ्या झाले, चहाच्या एका कपावर,
वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी.

नावं वर सरकू लागतात.
धुक्याचं काम कुणी केलं, तेही येतं.
कुत्र्याचं नावसुद्धा येतं.

पाय मोडला कसा, हे त्या मुलाने विचारलंच नाही.
त्या मंगळवारी दुपारी, डॉक्टर गेल्यावर,
बाईंनी यंत्र दोन्ही हातांनी उचललं
आणि फरशीवर टाकलं. एकदाच.
मग स्वतःच वाकून उचललं, फडक्याने पुसलं.
दुरुस्तीला नेऊ का, म्हटलं.
म्हणाल्या, "राहू दे, ड्युल्सी.
त्याला माहीत आहे."

मोरवेना टीव्ही बंद करते.
काचेत क्षणभर आमची खोली दिसते,
खुर्च्या, शाली,
आणि मी कडेला,
मांडीवर बोटं हलवत.