तळ सोडायची वेळ

साडेचारला, म्हणजे आमच्याकडे डिसेंबरात रात्रच,
बाबा भट्टीच्या पोटाखालचा टेकू
लांब सळईनं ठोकायचे, एकदा, दोनदा,
आणि तळ सुटायचा.
दिवसभर वरून भरवलेलं जे काही उरलं असेल ते,
कोक, मळी, कुणाच्या तरी शेगडीचं अर्धवट विरघळलेलं झाकण,
धपकन वाळूवर.
कुंपणापाशी आम्ही पोरं, तारेला हातमोजे चिकटलेले.
कोस्किलाचं बर्फ तेवढ्यापुरतं गुलाबी व्हायचं.

उंच, सडपातळ, तिमजली भट्टी.
एक थर कोक, एक थर बीड, घमेलंभर चुनखडी,
पुन्हा कोक.
आई म्हणायची, तौनो,
तिला तू वेळेवर वाढतोस.

निळ्या काचेतून बघायचे ते.
नारंगी असेल तर नाही.
लोण्याच्या रंगाला थांब.
पिवळा पांढऱ्याकडे झुकला की भोक फोडायचं,
बीड यायचं पातळ, दुधासारखं, ठिणग्या थुंकत,
आणि डोलची भरली की मातीच्या शंकूनं
तोंड बंद,
बोलत सुटलेल्या पाहुण्याला पाव द्यावा तसं.

पुष्कळदा काच खिशातच राहायची.
एकवीस वर्षं.

धक्क्यावरच्या लिंडरूसकडे जमिनीत पुरलेली मूस होती.
होड्यांचे पितळी पंखे ओतायचा, एका वेळी एक,
आणि मूस चिमट्यात धरून उचलताना
श्वास घ्यायचा नाही.
रेइनोकाका रेल्वेच्या पोलादखान्यात गेला,
तिथं तीन काळे खांब वरून उतरत, त्यांच्या टोकाला वीज.
खोक्यात कोंडलेला गडगडाट, म्हणायचा,
आणि जेवणाच्या टेबलावरही ओरडूनच बटाटे मागायचा.
छतावरून जाळ परतवणारी भट्टी बाबांनी एकदाच पाहिली, लग्नाआधी.
जाळ धातूला शिवतच नाही.
"प्रवचनासारखं," म्हणाले, "सगळं वरूनच."

मी सोळाव्या वर्षी गाभे करायला लागले.
वाळू आणि जवसाचं तेल.
ओतलेल्या वस्तूच्या आत जी पोकळी राहते
ती माझ्या हातची.
केसांचा वास लग्नानंतरही गेला नाही.

मग तांब्याचं वेटोळं आलं.
धूर नाही, कोक नाही, तळ सोडायचा नाही;
सकाळच्यासाठी थोडं बीड पोटात राखून ठेवतात.
जुनीला गॅस कटरनं चिरलं आणि
तिचेच तुकडे नवीला पहिल्या घासाला दिले.
बाबा तेव्हा इस्पितळात होते,
डोळ्यांवर पट्ट्या.
डॉक्टर म्हणाल्या, उष्णतेचा मोतीबिंदू.
भिंगं काढली, पण एका डोळ्यात उशीरच झाला होता.

आर्तूनं त्यांना बोलावलं, नवी दाखवायला.
मी कोपराला धरून नेलं.
आर्तू आकडे वाचत होता, चौदाशे वीस, चौदाशे पस्तीस,
हिरवे, ठळक, माझ्याहूनही मोठे.
मधोमध बीड फुगून वर आलेलं, हलत होतं,
झोपेत कूस बदलावी तसं.
बाबांनी मान वळवली इकडे, तिकडे.
"जाळ कुठंय?"
"जाळ नसतो, काका. चुंबकानं होतं."
"मग कळतं कसं?"
आर्तूनं पुन्हा आकडा सांगितला.
बाबा कठड्याला हात लावून उभे राहिले
बराच वेळ. परतताना एवढंच,
"गुणगुणते."

त्या रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात दिवा.
फ्रिजच्या दाराला कान लावून उभे,
पायात लोकरी मोजे.
"हिल्का, हीच."
मी म्हटलं, ही दूध गार ठेवते.
"असेल."

आता राईच्या पावाचा मऊ भाग काढून
बोटांत वळत बसतात.
शंकू. सगळे एका मापाचे,
एक इंच आणि वर थोडा.
टेबलाच्या कडेला ओळीनं, कालचे अकरा.
आई असती तर म्हणाली असती, अन्न आहे ते.
मी ओल्या फडक्यानं दहा पुसले.
एक वाळू दिला. बघू,
कशाचं तोंड बंद करायला लागतं.