कुणावर राज्य

स्टॅन्लीच्या दवाखान्यात नर्सने विचारलं,
दुकानात पैसे मोजता मोजता तिच्या बहिणीनेही,
"अभ्यासात हुशार आहे हो, पण मिसळते का?"

मिसळते.
पावाच्या पिठात यीस्ट मिसळते,
कोकराच्या दुधात कोमट पाणी,
वाऱ्यात स्वतःचा आवाज. तो परत येत नाही.
सगळ्यात जवळचं मूल आमच्यापासून
खाडीपलीकडे, चाळीस मैलांवर.
मैलांतच सांगते. तासांत सांगायचं
तर चिखल किती, ते आधी सांगावं लागेल.

शाळा आमची स्वयंपाकघरात.
माळावरून कापून वाळवलेल्या पीटची चूल,
तिच्या डावीकडे भूगोल.
नऊ वाजता मी एप्रन काढते
आणि इशबेल मला "मिसेस मॅकफी" म्हणू लागते.
साडेबाराला एप्रन घातला, की आई.
मधल्या वेळात गुडघा खरचटला
तर कुणाकडे रडायचं, याचा ती
क्षणभर विचार करते.
मला दिसतं ते.

सहा आठवड्यांनी फिरते मास्तर येतात,
लँड रोव्हरमधून एक ग्लोब आणि एक चेंडू काढतात.
चेंडू दोघांतच. मास्तर मुद्दाम हरतात.
ती ओळखते,
आणि त्यांना चहा करून देते.

हजेरीची वही तिची तिनेच आखलेली.
ब्रॅक कुत्रा: बाबाबरोबर मेंढ्या वळायला, गैरहजर.
कोकरू: हजर.
एका मंगळवारी स्वतःच्या नावापुढे
तिने फुली मारली होती.
वही जशी होती तशीच ठेवली मी,
पेन्सिलसुद्धा त्याच तिरक्या कोनात.

लपंडावात राज्य कायम तिच्यावर.
लोकरीच्या शेडला कपाळ टेकून
शंभरपर्यंत मोजते, एकही आकडा न गाळता,
मग डोळे उघडते
आणि सगळं जिथल्या तिथे असतं.

फेब्रुवारीत कातरणी संपली,
खेळांचा आठवडा आला. एका कुरणावर अकरा मुलं.
पहिले दोन दिवस ती लिंबूटिंबू,
नऊ वर्षांची, पाचवाल्यांच्या रांगेत.
आऊट झाली तरी कुणी मोजत नव्हतं.
घसरगुंडीपाशी पुढच्या मुलाला म्हणाली,
"नाही नाही, आधी तुम्ही."
बायका म्हणाल्या, किती समजूतदार!
मुलं हसली.
मी सँडविचच्या कडा कापत होते,
नको होत्या तेवढ्या कापल्या.

तिसऱ्या दिवशी टीगनशी भांडण.
कशावरून, ते अजून सांगत नाही.
केसांत चिखल, बाही उसवलेली,
परतीच्या बोटीत अर्धा तास गप्प.
मग म्हणाली, "माझी तिच्याशी कट्टी आहे."
आणि बऱ्याच वेळाने, पाण्याकडे बघत,
"ती रडीचा डाव खेळते.
मीपण खेळले."

सोमवारी फोनवरचा वर्ग.
चार घरं, एक तार, मध्ये वाऱ्याची खरखर.
बाईंनी विचारलं, "सात आठे?"
टीगन गप्प.
इशबेल गप्प.
दोघींना येतं. शप्पथ सांगते, दोघींना येतं.
न येणाऱ्याची शांतता मला ओळखू येते,
ती सैल असते, इकडेतिकडे बघते.
ही तशी नव्हती.
ही ओठ घट्ट दाबून धरलेली,
त्या टोकाला कुणीतरी आहे
हे पक्कं ठाऊक असलेली.

दूध उतू गेलं. मी हलले नाही.

"सात आठे," बाई पुन्हा म्हणाल्या, "कुणीतरी?"
इशबेलने रिसीव्हरवर तळहात ठेवला,
मला हळूच विचारलं,
"आधी मी बोलले, तर राज्य माझ्यावर येतं का?"

मी एप्रन कुठे ठेवला
ते शोधू लागले.