भाराची यादी, हर्णै

शराफतभाई मुकादम म्हणाले, मोठाच घ्या, मॅडम,
तीनशे पंधराचा. ट्रान्सफॉर्मर काय रोज घेतो आपण?
पाट्या वाचून बेरीज मीही केली होती:
दोन कॉम्प्रेसर, मिठाच्या पाण्याचा पंप,
लादी उचलायची क्रेन, बर्फ फोडायचं यंत्र, विहिरीवरची मोटर,
सगळी मिळून दोनशे चौदा किलोवॅट.

पण पाटीवर यंत्राचं बळ असतं,
दिनक्रम नसतो.
तो होता दिगंबर चोगलेकडे,
सव्वीस वर्षांचा ऑपरेटर म्हणजे सव्वीस वर्षं इथलाच,
उजवा कान कॉम्प्रेसरला देऊन बसलेला.

दोन दिवस, दोन रात्री त्याच्या बाकावर वही घेऊन.
चारला लिलाव, म्हणून तीनपासून फोडणारं यंत्र
दात खात राहतं; तेव्हा एकच कॉम्प्रेसर.
रात्री दर उतरले की दोघे मिळून पाणी गोठवतात.
क्रेन उठते मिनिटभर, बसते.
विहिरीची मोटर, विहिरीत असेल तर.
सगळी एकदम कधी चालतात?
चोगले हसला.
‘बंदरातल्या सगळ्या होड्या
एकाच लाटेवर चढलेल्या बघितल्यात कधी?’

वहीतला सर्वांत उंच आकडा: एकशे अठ्ठावीस.

मग बिलं. पॉवर फॅक्टर शून्य पूर्णांक अठ्ठ्याहत्तर,
दर महिन्याला दंड, आणि भाई म्हणत होते, सरकारी चूक.
मी त्यांना किनाऱ्यावर नेलं.
होडी वर ओढत होते, दोघं जरा तिरके उभे.
दोर तेवढाच ताणलेला, घाम तेवढाच,
होडी मात्र कमी सरकते.
त्या तिरकेपणाचे पैसे भरताय.
कपॅसिटर लावू, मोटरींच्या शेजारीच.
भाई बघत राहिले. मग ओरडले, त्या दोघांवर.

दोनशेचा पुरेल, मी लिहिलं.
खरं तर एकशे साठही पुरला असता,
पण भाईंच्या धाकट्याच्या डोळ्यांत
तिसरा कॉम्प्रेसर दिसत होता.

जांभ्यात अर्थिंग धरेना. मीटर अकरा ओहम दाखवी.
खड्डे खाली नेले, ओलीला, खाडीच्या अंगाला.
खाऱ्या वाऱ्यानं जुने सांधे पिठासारखे पांढरे झालेले;
नखानं खरवडला तो सांधा बोटावर उरला.

आणि भाराचा मध्य.
नकाशावर दोन रेघा ओढल्या, छेदल्या तिथं
ट्रान्सफॉर्मर हवा: केबल आखूड, गळती कमी.
जागेवर गेले तर उंडीचं झाड,
आणि खाली मासळी निवडणाऱ्या बायका डबे उघडून.
‘बसा,’ रेवती पावसे म्हणाली, ‘खाली गारवा आहे.’
तिनं सुकटीची चटणी दिली. मी टेप गुंडाळली.

बारा मीटर पश्चिमेला सरकवला.
हिशेब केला, नाही कसा:
बारा मीटर केबल, आणि वर्षाला सहाशेएक युनिट उष्णता.
अंदाजपत्रकात हे कुठल्या सदरात घालायचं?
‘इतर’ लिहिलं. भाईंनी विचारलं नाही,
बहुधा कळलं असावं.

चालू केलं त्या रात्री दुसरा कॉम्प्रेसर उठला.
पूर्वी असा उठला की दिवा मान टाकायचा.
चोगले दिव्याकडे बघत उभा.
दिवा हलला नाही.
त्यानं सवयीनं काडेपेटी काढली होती,
ती खिशात ठेवली.