तीन अक्षरं, सहा प्रश्न

केप्याच्या नगरपालिकेत, जन्म-मृत्यूच्या खिडकीशी
मोरपिर्ल्याहून आलेल्या बुधो वेळीपनं
दाखला फिरवून माझ्याकडे सरकवला.
मुलीच्या नावाच्या जागी ??????
"बाई, नाव तीन अक्षरांचं.
प्रश्न सहा कसे?"

मी बोटांवर मोजून दाखवलं:
स, त्याचा उकार, र, त्यावरचं टिंब,
ग, आणि शेवटची वेलांटी.
यंत्राच्या पंगतीत मात्रेलाही वेगळा पाट.
सुरंगीत सहाजण बसले होते.
सहाही गेले.

"म्हणजे वळेसर सुटला," बुधो म्हणाला.

सुटला असता तर फुलं खाली सापडली असती.
जुआंव बार्बोझचं तसं झालं होतं, मागच्या आठवड्यात.
त्याच्या नावातल्या 'आ'वरची छोटी लाट
कुणीतरी भलत्याच तक्त्यातून वाचली,
एका अक्षराची दोन झाली,
दुसरं तर चक्क पौंडाचं चिन्ह.
"पोर्तुगालचे कागद करतोय, लंडनला जायला," तो हसला,
"तुमच्या कॉम्प्युटरला आधीच कळलं."
त्याचे बाइट शाबूत होते. चष्मा बदलला,
लाट जागेवर आली.

प्रश्नचिन्हाचं तसं नाही.
ते उचलून खाली बघावं तर
खाली काहीच नसतं.

बुधोला सांगितलं नाही ते इथे सांगते.
डेटाबेस नवा होता, रकान्यात जगातल्या सगळ्या लिप्या मावत होत्या.
माझा प्रोग्रॅमही देवनागरी नीट बोलत होता.
दोघांच्या मधली एक ओळ
मी रात्री साडेअकराला लिहिली
आणि अवतरणचिन्हाआधी 'एन' लावायचा राहिला.
एक अक्षर. पुढचा मजकूर युनिकोड आहे, एवढंच सांगणारं.
ते नसलं की दारावरचा रखवालदार
ओळखीचे चेहरे तेवढे आत सोडतो.
जुआंवची लाट त्याच्या ओळखीची होती, कित्येक वर्षांची.
सुरंगीला त्यानं विचारलं, कोण?
सहा वेळा विचारलं.
आणि तिचं उत्तर म्हणून
स्वतःचाच प्रश्न लिहून ठेवला.

कुठे चूक झाली नाही. कुठे लाल अक्षरं आली नाहीत.
"त्रेचाळीस ओळी भरल्या," स्क्रीन म्हणाला, आणि मी घरी गेले.

आता फिलोमेनाबाई जाड नोंदवही काढून बसल्यात,
निळी शाई, कुणा जुन्या कारकुनाचा तिरका हात.
एका पानाला वाळवी लागलेली. नाव उरलंय ते '...वंती'.
शेवंती? लाजवंती? कलावंती?
दिलेल्या नंबरावर नुसती रिंग वाजते.

'एन' लावला. स्वतःचं नाव घालून पाहिलं, परत आलं तसंच.
मग सुरंगीचं. वहीत होतं समोर,
तरी विचारलं, "बुधो, नाव सांगा. सावकाश."
तो खिडकीतून वाकला, स्क्रीनवर डोळे लावून
एकेक अक्षर उतरताना बघत राहिला.
"बाई," तो म्हणाला, "टिंब विसरू नका हां."

मागे फिलोमेनाबाई पुन्हा नंबर फिरवतायत.