उलटी अक्षरं

आमच्या घराला रस्त्याकडून खिडकी नव्हती.
सनाच्या ज्यू मोहल्ल्यात घरं तशीच, बुटकी, मातीची;
उजेड अंगणातून आत यायचा
आणि बाबांच्या फळीवर जेमतेम दोन तास टिकायचा.
तेवढ्यात लिहायचं.

मी समोर बसून मायफळं कुटायची.
शाई माझी, बोरू त्यांचा,
मधे ताणलेलं बकरीचं कातडं
आणि त्यावर अक्षरं,
माझ्या बाजूनं पाहिलं तर सगळी पाय वर केलेली,
पाठीवर पडलेल्या मुंग्यांसारखी.

मुलींना शिकवत नसत.
माझे भाऊ मोरींकडे जायचे, आठ जणांत एक पोथी,
जो जिथं बसेल तिथून वाचायचा.
सालिमला तर आडवंच यायचं.
मला कुणी बसवलं नव्हतं कुठं.
मी शाई ढवळत होते, एवढंच.

त्या वर्षी बाबांनी बारा धाकट्यांची गुंडाळी घेतली होती.
यशया, यिर्मया कुणालाही ठाऊक.
हे बारा म्हणजे मागच्या पंगतीतले.
ओबद्या तर एवढासा की एका उजेडात संपला.
नहूम. सफन्या. आणि हबक्कूक,
ज्याचं नाव निघालं की नझाराला हसू आवरायचं नाही.
'यांना एकाच गुंडाळीत का शिवतात?'
'लहान आहेत,' बाबा म्हणाले,
'सुटे ठेवले तर हरवतील.'
आणि कातड्याच्या कडेवरून त्यांनी हात फिरवला.
माझ्या डोक्यावरून त्यांनी तो कधी फिरवला नव्हता.

मला वाटलेलं, हे नुसते रागावतात.
टोळधाड, वणवा, पडलेल्या भिंती,
खोट्या मापाच्या व्यापाऱ्यांना शाप.
आहेच ते सगळं.
पण होशेयाच्या एका ठिकाणी राग चढत चढत जातो
आणि ऐन माथ्यावर देवाला एकदम आठवतं
की या पोराला आपणच चालायला शिकवलं होतं,
दोन्ही दंडांना धरून.
पुढं त्याला रागावता येत नाही.
मी बत्ता तसाच हातात धरून बसले.
आई आतून ओरडली, झोपलीस का?

हिवाळ्यात बाबांच्या डोळ्यांत साय धरली.
ते जुन्या प्रतीवर नाक टेकवून पाहायचे,
मग लिहायचे, मग पुन्हा नाक.
सफन्याच्या शेवटाकडे आले
आणि मी बोलून गेले,
'बाबा, एक ओळ राहिली.'

बोरू थांबला.
कढईत शाई खदखदत होती, ती मी उतरवायला हवी होती.
'कुठली?'
मी वाचली. तो प्रेम करील आणि गप्प राहील, अशी काहीशी.
खूप वेळ ते माझ्याकडे पाहत होते,
म्हणजे मी जिथं असेन असं त्यांना वाटलं तिथं.
मग उठले,
प्रत उचलली, सुलटी केली,
आणि पाहुण्यासमोर ताट ठेवावं तशी माझ्यासमोर ठेवली.

आणि मला एक अक्षर लागेना.
सगळ्या मुंग्या पायांवर उभ्या राहिल्या होत्या
आणि एकही ओळखीची नव्हती.
कानशिलं तापली माझी.
'बाबा, मला... मला उलटंच येतं.'

ते हसले नाहीत. काहीच म्हणाले नाहीत.
प्रत त्यांनी पुन्हा फिरवली,
डोकी माझ्याकडून पलीकडं,
आणि स्वतःची उशी उचलून
फळीच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसले.
'वाच,' म्हणाले.

हाग्गय, जखऱ्या, मलाखी,
वल्हांडणापर्यंत मी वाचत गेले, ते लिहीत गेले.
एक संपून दुसरा सुरू होताना
तीन ओळींची जागा कोरी सोडतात.
तिथं आले की बाबा बोरू पुसायचे
आणि मी गप्प बसायची.
कढत किशर प्यायचो कधी, आलं घातलेला.

शाई त्या दिवशीची करपली होती.
ती ओळ इतरांपेक्षा थोडी तांबूस दिसते.
अजूनही पुस्तक हाती आलं की
मी ते आधी फिरवते.
नातवंडं म्हणतात, आजी, उलटं धरलंस.