रडलं होतं का

नंबर मशीन काढतं.
लातुरात, औसा रोडला, झेरॉक्सच्या दुकानावर
आम्ही सातजणी हेडफोन घालून बसतो.
ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात जे मरण चढलं नाही
ते फोनवर शोधायचं असतं.
दोन मिनिटं वेळ आहे का, असं विचारायचं.

वीस लागतात, खरं तर.

बरेच जण लोनवाली समजून शिव्या देतात.
एकजण म्हणाला, मेलेलं माणूस सांगितल्यावर
घरकुल मिळतंय का?
नाही म्हटलं.
मग सगळे जिवंत लिहा, म्हणाला.

आज दुपारी निलंग्याकडं लागला.
सोजरबाई. वय? "लिही की तुझ्या मनानं."
मागं पिठाची गिरणी चालू, तिचीच.
तुमच्या आईच्या पोटी एकूण लेकरं किती झाली?
"सहा."

थोरला दगडू गेला. भूकंपात नाही,
भूकंपानंतर, पत्र्याच्या शेडात, तापानं.
आमच्या यादीत ताप आहे, पत्रा नाही.
कौसा बाळंतपणात. किती दिवसांनी?
"सव्वा महिना व्हायचा होता."
आम्ही बेचाळीस दिवस धरतो.
तेवढं एक बरं जुळतं.

फोन ठेवता ठेवता गिरणी बंद झाली.
"बाई, एक सातवं होतं.
नाव नव्हतं ठिवलं. मोजतेत का तसलं?"

स्क्रीनवर नवी चौकट उघडली:
जन्मल्यावर रडलं होतं का?
रडलं असेल तर ते जन्मलं, आणि मग मेलं.
नसेल, तर दोन्ही नाही.

"मी तवा चार वर्षांची. भाईर हाकलली मला.
दाराला कान लावून हुते.
कायतरी ऐकू आलतं.
मांजर असंल."

होय. नाही. माहीत नाही.
उत्तर सुचवायचं नाही, मॅडमनी बजावलंय.
वरच्या कोपऱ्यात सेकंद पळत होते.

"माय असती तर इचारलं असतं.
तूच सांग की. तुमच्यात काय लिहितेत?"

मी प्रश्न पुन्हा वाचला, आहे तसाच,
फक्त जरा हळू.

कुणीतरी डबा घेऊन आलं असावं. पट्टा फिरला,
आणि त्या घरघरीतून ती ओरडली,
दळण दळणाऱ्या बायका ओरडतात तशी:
"रडलं म्हणून लिही!"

मी सात केले.
नावाच्या जागी रेघ चालत नाही,
म्हणून 'बाळ' टाकलं.

तोवर पुढचा नंबर लागलाच होता.
कुणीतरी हॅलो म्हणत होतं,
दोनदा, तीनदा.