नमुना क्रमांक सेहेचाळीस

चांदोरीची माती. शून्य ते पंधरा सेंटिमीटर.
पिशवीवर गांगुर्डेमामांच्या हातची निळी शाई,
'च'चं पोट नेहमीसारखं फुगलेलं.

आधी कुजलेलं काढायचं.
हायड्रोजन पेरॉक्साइड, थेंब थेंब,
तरी चंचुपात्र उतू जातंच.
मामा म्हणतात, दूध तापत ठेवून
बाईनं फोन घेऊ नये.

मग चुनखडी.
पद्धतीत लिहिलंय: ॲसिटेट, पीएच पाच, रात्रभर, धीरानं.
आमच्याकडे मार्चअखेर होती.
धीर संपलेला, कपाटात हायड्रोक्लोरिक होतं.
फसफसलं, थांबलं.
मग लोह, आणि डायथायोनाइटचा तो वास
जो ओढणीत शिरून बसतो,
कॉलेज रोडच्या थांब्यावर
माझ्या शेजारची जागा रिकामी ठेवतो.
तपकिरी उतरते, राखाडी उरते.

एवढं सगळं काढून जे राहतं
त्याला आम्ही अहवालात माती म्हणतो.

आलेख देखणा आला.
चौदावर स्मेक्टाइट; ग्लिसरॉल पाजलं की अठरापर्यंत टम्म.
सातवर केओलिनाइट,
साडेपाचशे अंशांवर मुकाट्यानं नाहीसं होणारं.
मधली जमीन सपाट, सारवल्यासारखी.
मी लिहिलं: झिओलाइट आढळले नाही.
आधीच्या पंचेचाळीसांतही तेच लिहिलं होतं.

मामा सिन्नरकडच्या खाणीवर वाढलेले.
सुरुंगाच्या धुरळ्यात पोरं शिरायची,
काळ्या दगडाच्या पोकळीतून पांढऱ्या सुयांचे झुपके काढायची,
व्यापारी यायचा शुक्रवारी.
एकदा थोरल्या भावानं झुपका जास्त चमकावा म्हणून
रात्रभर ॲसिडात घालून ठेवला.
सकाळी वाटीत सुया नव्हत्या.
पेज होती. थरथरणारी, भाताची असावी तशी.
बापानं भावाला नाही, वाटीला लाथ मारली.

हे सगळं मामांनी नळी धुता धुता सांगितलं,
आणि माझ्या कागदाकडे न बघता विचारलं,
"ताई, नाय म्हंजे नव्हतंच का,
का आपण..."
वाक्य त्यांनी नळाखाली सोडून दिलं.

रविवारी येऊन मी तीच माती
काही न घालता नुसती पाण्यात बसवली,
वरचं गढूळ काचेवर पसरून वाळवलं.
आलेख म्हणजे बुधवारचा बाजार:
लोहाची धूळ, कुजलेल्याचा गलका,
शिखरं एकमेकांच्या खांद्यांवर.
नऊच्या आसपास एक पायरी.
शिखर म्हणावं तर फार बुटकी,
गोंगाट म्हणावा तर
तीनदा मोजलं, तीनदा तिथंच.

काय आहे ते मला अजून माहीत नाही.
एवढंच माहीत आहे की
'नाही' हा शब्द मी ज्या कागदावर लिहिला
तो आधी ॲसिडानं धुतलेला होता.

अहवाल परत मागवला.
साहेब म्हणाले, एका पायरीसाठी?
खरेदी विभागानं विचारलं, ॲसिटेटच का,
ॲसिड स्वस्त पडतं.
मामांनी कपाटामागून डबे काढले,
लोणच्याचे, पेढ्यांचे, एक च्यवनप्राशचा:
पंचेचाळीस मातींची उरलीसुरली मूठमूठ,
कधीच फेकली नव्हती त्यांनी.
का ठेवली, विचारलं तर म्हणाले,
डबे चांगले होते.

आत्ता रात्रीचे साडेनऊ.
सेहेचाळीस ॲसिटेटमध्ये बसलीय.
बुडबुडा येतो, मध्ये इतका वेळ जातो
की वाटतं संपलं,
मग आणखी एक येतो.